गळती नसलेलं घर

एका गावात नारबा नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा असं त्याची बायको हौसा म्हणायची. गाव जे म्हणायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गावची शाळा पोरांअभावी बंद पडली आणि नारबाची कुसुम तर यंदा पहिलीत जायची होती. म्हणून दोघांनी गावातलं घर विकलं. तालुक्याला चांगली सरकारी शाळा शोधायची, तिच्या शेजारी घर घ्यायचं, असं ठरलं. विकलेलं घर महिन्याभरात सोडायचं होतं. खरं तर हौसानेच जायला हवं होतं, पण त्यांची म्हैस हौसाशिवाय कुणाला धार काढू देत नव्हती. तेव्हा नारबा निघाला.

"आधी शाळा बघा, मग घर," हौसा म्हणाली. "शाळंला गळती हाय का, तेवढं नीट बघा."

नारबा पहिल्या शाळेत गेला आणि शिडी लावून थेट छपरावर चढला. चार बादल्या पाणी ओतलं. खाली येऊन पाहतो तर टिपूस नाही. हेडमास्तरांनी हात जोडले. तपासणीला येणारे साहेब चहा पिऊन जात. छपरावर चढलेला हा पहिलाच.

"झ्याक शाळा," नारबाने घरी सांगितलं. "थेंब गळत न्हाई."

"आन् पोरं किती?"

"चार. बाकीची दुसऱ्या शाळंत गेली म्हनं."

हौसाने कपाळावर हात मारून घेतला. "आवं, गळती म्हंजी छप्पर न्हवं. मान्सं सोडून जात्यात ती गळती. छपराकडं बघूच नका. मान्सं टिकत्यात का, ते बघा."

दुसऱ्या शाळेत नारबा मान खाली घालून गेला, चुकून छप्पर दिसू नये म्हणून. फाटकाशी उभा राहिला. पाच वाजले, घंटा झाली. तीनशे पोरं त्याला ढकलत बाहेर पळाली. मागून मास्तर गेले. शिपायाने कुलूप लावलं आणि तोही गेला.

"लई वंगाळ शाळा," नारबा म्हणाला. "एका मिनटात समदी गळाली. मास्तर सुदिक."

हौसाने म्हशीकडे पाहिलं. म्हैस तरी बरी, असं तिला वाटून गेलं. "आवं, सकाळी परत येत्यात ती. भाईर पडल्यालं मानूस परत आलं तर ती गळती न्हवं. आन् चार शेजाऱ्यांस्नी इचारत जावा."

नारबा त्याच शाळेत सकाळी गेला. सगळी पोरं परत आली होती. शेजारीही चांगलं बोलले. हौसा खूश झाली. "आता घंटा ऐकू ईल एवढ्या जवळ घर बघा. मी सांगितल्यालं समदं ध्यानात हाय न्हवं?"

"समदं," नारबा म्हणाला. आणि ते खरं होतं.

शाळेच्या समोरच एक घर विकायचं होतं. "गळती हाय का?" नारबाने विचारलं.

मालक म्हातारा होता, सरळ होता. "आहे. माजघरात तीन जागी, स्वयंपाकघरात दोन."

"छपराचं न्हाई इचारत. मान्सं सोडून जात्यात का?"

मालक त्याच्याकडे बघतच राहिला. "माणसं? चार भाडेकरू आहेत. तीस वर्षांत एक हलला नाही. पाया पडलो, पाणी तोडलं, कोर्टात हरलो. जात नाहीत."

"सकाळी भाईर पडत्यात?"

"पडतात."

"आन् सांजंला?"

"न चुकता परत येतात," असं म्हणताना मालकाचे डोळे भरून आले. नारबाचेही आले. चार शेजाऱ्यांना विचारलं, चौघांनी तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी खरेदीखत झालं.

महिनाअखेर टेम्पो घरापुढे थांबला. ट्रंका उतरल्या, म्हैस उतरली, पाटी छातीशी धरून कुसुम उतरली. घराला खोल्या चारच; चारी दारांत चार भाडेकरू येऊन उभे राहिले. "आम्ही काही हलणार नाही हं," एकजण दात घासता घासता म्हणाला.

नारबाने हौसाकडे अभिमानाने पाहिलं. एवढ्यात शाळेची घंटा झाली. रस्त्यावर अगदी स्वच्छ ऐकू आली.

हौसा ट्रंकेवर बसली. तिला रडू येत होतं. "ह्यास्नी भाईर काढा," ती म्हणाली.

नारबाने घाबरून तिच्या तोंडावर हात ठेवला. "हळू बोल. ही मान्सं गेली तर घराला गळती लागंल. मग कुसमीच्या शाळंचं काय?"