अध्यक्षांचे गुळगुळीत टायर

प्रतापराव नलवडे मोटारसायकल मंडळाचे अध्यक्ष होते, म्हणजे जगातलं सगळं त्यांना कळत होतं. भर जुलैत आंबोली घाटात वीस गाड्या न्यायचं त्यांनी ठरवलं आणि वाटेत आजऱ्याला, इंदुमती पोवारांच्या टायरच्या दुकानासमोर उभं राहून फर्मान सोडलं, "सगळ्यांना शर्यतीतले गुळगुळीत टायर घाला. खाचा कमी, तेवढं रबर रस्त्याला जास्त चिकटतं!"

सभासदांनी गाड्या दुकानापुढं रांगेत लावल्या. अध्यक्षांपुढं ब्र काढला की मंडळातून नाव कटायचं.

"कोरड्या रस्त्यावर तुमचं खरंय, साहेब," इंदुमती म्हणाल्या. "पण घाटात पाणी वाहतं. ते खाचांतून बाहेर पडलं नाही, तर गाडी थेट दरीत जाईल."

"पंचवीस वर्षं गाडी चालवतोय मी. तुम्ही टायर विका, अक्कल विकू नका!"

इंदुमतींच्या मस्तकात तिडीक गेली, पण त्या हसल्या. त्यांनी बादली उचलली आणि दुकानातल्या फरशीवर पाणी ओतलं.

"या ना साहेब, आत या. चहा घेऊ."

साहेबांच्या पायात गुळगुळीत तळव्याचे नवेकोरे चामडी बूट. एक पाय उचलून ते उंबऱ्यावरच थबकले.

"अहो, आधी फरशी पुसा! घसरून पडेन ना मी!"

"इथं पुसते की," इंदुमती म्हणाल्या. "घाटात तुमच्यापुढं फडकं घेऊन कोण पळणार?"

सभासद खो खो हसले आणि खाचांचे टायर मागायला लागले. अध्यक्षांनीही लगेच जाहीर केलं, की आपल्या मनात पहिल्यापासून तेच होते.