शेवूच्या दोन वेण्या

टेकडीच्या पायथ्याशी एक पांढरंशुभ्र इस्पितळ होतं. तिथं शेवूची आई आयाचं काम करायची. सगळे तिला गोदामावशी म्हणत. पेशंटला उठवायचं, कुशीवर वळवायचं, गाडीवरून खाटेवर घ्यायचं, सगळं गोदामावशीनंच! कुणी मदतीला आलंच तर म्हणायची, "राहू द्या, मी करते." उचलून उचलून बिचारीच्या कंबरेचे पार तीनतेरा वाजले. आता तर उजवा हातही वर उचलेना, आणि शेवूच्या दोन वेण्याही बंद झाल्या. लेकीचे विस्कटलेले केस पाहून आईचे डोळे भरून येत. शेवूला ते मुळीच बघवत नसे.

एका सकाळी ती इस्पितळामागच्या बागेत बसली होती. पिवळ्याधमक झेंडूवर, निळ्या गोकर्णावर, गुलाबी सदाफुलीवर दव चमचमत होतं. तेवढ्यात इवलासा आवाज आला, "आई गं!" पानाखाली बोटभर उंचीची परी बसली होती. तिचा एक चंदेरी पंख लुळा पडला होता.

"काय झालं गं तुला?"

"रोज एकेका फुलावर दवाचा थेंब चढवायचा, तोही एकटीनं! लचकला बघ पंख."

"अगदी माझ्या आईसारखी आहेस!" शेवूनं खिशातली लाल रिबीन काढली आणि पंख अलगद बांधला.

परी खुलली. "एक वर माग. पण स्वतःसाठी नाही हं. आणि तो सातच दिवस टिकेल."

"मग आईचं दुखणं पळव!"

"पळवीन की. पण आठव्या दिवशी ती पुन्हा एकटीच उचलणार, आणि दुखणं परत येणार."

शेवूनं गाल फुगवून विचार केला, मग खुदकन हसली. "आई कुणाला उचलायला वाकली ना, की जवळच्या सगळ्यांच्या हातांना खाज सुटू दे. तिला हातभार लावला की खाज थांबू दे!"

आणि काय गंमत! गोदामावशी वाकली, की डॉक्टर खाजवताहेत, सिस्टर खाजवताहेत, दारावरचे वॉचमनकाका तर नाचायलाच लागले! हातभार लावला की खाज गायब, हे कळताच सगळे धावत आले, चादरीची चार टोकं धरली. "एक, दोन, तीन!" पेशंट अलगद खाटेवर. आईला "मी करते" म्हणायला फुरसतच मिळेना.

आठव्या दिवशी जादू संपली. पेशंटची गाडी आली, कुणालाच खाज सुटली नाही. आई वाकली. दारात उभ्या शेवूचा जीव टांगणीला लागला.

"थांबा मावशी!" वॉचमनकाका ओरडले. "एकट्या कशाला? आम्ही आहोत ना!" डॉक्टरांनी तर चादर धरलीसुद्धा.

आई क्षणभर घुटमळली. मग म्हणाली, "बरं, धरा. एक, दोन..."

महिन्याभरानं परी बागेत भेटली. पंख बरा झाला होता, आणि तीन मैत्रिणींसोबत मिळून ती एक थेंब उचलत होती. तिनं रिबीन शेवूच्या हाती दिली आणि सोनेरी उजेडात लुकलुकत दिसेनाशी झाली.

शेवू धावत घरी आली. आईनं कंगवा घेतला आणि उजवा हात हळूच वर नेला. थेट शेवूच्या डोक्यापर्यंत!

"हलू नकोस गं," आई हसत म्हणाली, "भांग वाकडा होतोय."