पाटी राखणारा सटवा

फार जुनी गोष्ट आहे. एका नदीच्या दोन काठांना दोन गावं होती आणि दोघांना मिळून एकच गायरान होतं. त्यावरून डोकी फुटू नयेत म्हणून वाडवडिलांनी एक तोड काढली होती. दरवर्षी सुगी आटोपली की दोन्ही गावांनी आट्यापाट्या खेळायच्या. जे गाव जिंकेल त्याची गुरं वर्षभर गायरानात चरतील. हरलेल्यांनी बांधावरचं गवत कापून आणायचं.

खेळ तसा सोपा. मैदानात फक्कीनं आडव्या रेघा मारायच्या, त्यांना पाट्या म्हणत. एकेका पाटीवर एकेक गडी उभा राहून वाट अडवायचा. समोरचे गडी हुलकावण्या देत पाट्या ओलांडायचे. मग पाळी बदलायची. किती पाट्या ओलांडल्या ते पंच मोजायचे. किती अडवल्या ते कोणी मोजत नसे.

अलीकडच्या गावात हैबती नावाचा गडी होता. डावीकडे खांदा दाखवून उजवीकडून असा निसटायचा की समोरचा नुसता बघत राहायचा. गावाच्या वेशीजवळ एक काळी शिळा होती. तिच्यावर नामांकित गड्यांची नावं आणि त्यांनी ओलांडलेल्या पाट्यांचा आकडा कोरलेला असे. हैबतीचं नाव तिशीतच तिथं लागलं.

त्याच्याच संघात सटवा होता. त्याला पळता येत नसे. त्याची ओलांडण्याची पाळी आली की बायका-पोरं भाकरी खायला बसत. पण पहिल्या पाटीवर तो उभा राहिला की पलीकडच्यांचे चेहरे उतरत. तो झेपावत नसे, ओरडत नसे. समोरच्याच्या कमरेवर नजर ठेवून पाटीवर सरकत राही. बारा वर्षं गाव जिंकत होतं, आणि लोक म्हणत, हैबतीनं जिंकून दिलं.

बाराव्या वर्षी पलीकडच्यांनी एक नवा गडी आणला. हरणासारखा चपळ होता आणि त्यांची सगळी मदार त्याच्यावरच होती. सटवानं त्याला पहिल्याच पाटीवर रोखून धरलं. मध्येच सटवाचा पाय मुरगळला, गुडघ्यात काहीतरी कटकन वाजलं. तरी तो पाटीवरून हलला नाही. एका पायावर भार देऊन सरकत राहिला. पाळी संपली तेव्हा जिंकायला फक्त चार पाट्या हव्या होत्या. हैबतीनं पाच ओलांडल्या.

लोकांनी हैबतीला खांद्यावर घेतलं. तिथून त्याला दिसलं, की सटवा फक्कीतच बसून मुंडाशानं गुडघा बांधतो आहे. त्याला हाक मारावी, असं हैबतीच्या मनात आलं. पण गुलाल उधळला जात होता, आणि त्यानं मान वळवली.

सटवाचा गुडघा पुन्हा सरळ झाला नाही. खेळ सुटला. बाकीच्यांनी पाट्या नेटानं धरल्या, म्हणून गाव थोडक्यात का होईना जिंकत राहिलं. काही वर्षांनी हैबतीही थांबला आणि गावाचा पंच झाला. तेव्हा एका म्हाताऱ्या पंचानं विषय काढला, की सटवाचं नाव शिळेवर लागलं पाहिजे. पाच पंच चावडीत बसले. बाहेर ओट्यावर गावातली खेळणारी पोरं जमली. सटवाची मुलगी त्याला धरून घेऊन आली होती, तोही तिथंच टेकला.

दोघे पंच म्हणाले, बारा वर्षं पलीकडच्यांना थोपवलं कोणी? दुसरे दोघे म्हणाले, शिळेवर प्रत्येक नावापुढं आकडा आहे, याच्यापुढं काय लिहायचं? मग सगळे हैबतीकडे बघू लागले. त्याच्या शब्दावर निकाल होता.

हैबतीला खरं काय ते ठाऊक होतं. पण त्याला हेही दिसत होतं, की सटवाचं नाव लागलं की लोक विचारणार, यानं केलं तरी काय? मग कोणाला तरी तो सामना आठवणार. त्या दिवशी चारच पाट्या लागत होत्या, हेही निघणार. आपल्या नावाला जरा धग लागेल, एवढीच भीती. पण ती पुरेशी होती.

तो म्हणाला, "अडवणं हे नेमून दिलेलं काम आहे. नेमून दिलेल्या कामासाठी कोणी शिळेवर चढत नाही."

बाहेरून सटवाचा आवाज आला, "बरोबर बोललास हैबती. मी काही ओलांडलं नाही."

त्या आवाजात राग नव्हता. त्यानं शिवी हासडली असती तर बरं झालं असतं, असं हैबतीला वाटलं. मुलीनं सटवाला उठवलं आणि दोघं हळूहळू घराकडे गेली.

ओट्यावरच्या पोरांनी मात्र सगळं ऐकलं होतं. त्या वर्षापासून पाटी धरायला कोणी मनापासून उभं राहीना. ज्याला त्याला हैबतीसारखं निसटायला शिकायचं होतं. पाटीवर उभे असतानाही त्यांचं ध्यान पाळी कधी बदलते याकडे. सामन्यात त्यांनी कधी नव्हे एवढ्या पाट्या ओलांडल्या, आणि तरीही गाव हरलं. पलीकडच्यांनी त्याहून कितीतरी जास्त ओलांडल्या होत्या.

पुढच्या वर्षी तेच झालं. त्याच्या पुढच्याही वर्षी तेच. बांधावरचं गवत पुरेना. गुरांच्या बरगड्या दिसू लागल्या. विळ्यानं कापून कापून बायकांचे हात सोलवटले. दोन-चार घरांचे गोठे रिकामे झाले.

अखेर हैबती सटवाच्या घरी गेला. सटवा बाजेवर पडून होता, पार खंगला होता. हैबतीनं खाली बघत सांगितलं, की पोरांना पाटी धरायला शिकव, गाव बुडतं आहे.

सटवा कोपरावर रेलून जरा उठला. मग म्हणाला, "शिकवायला माझी ना नाही. पण शिकायला कोण येणार?"

हैबती पोरांकडे गेला. त्यानं विनवलं, दटावलं. पोरं पायानं माती उकरत उभी राहिली. त्यांच्यातला एक धीर करून म्हणाला, "काका, ते नेमून दिलेलं काम आहे असं तुम्हीच म्हणाला होतात."

सटवा तीन दिवस सकाळी काठी टेकत मैदानावर आला, घोंगडी अंथरून बसला. कोणी आलं नाही. चौथ्या दिवशी तो आला नाही. त्या थंडीतच तो गेला.

तेराव्यानंतर हैबतीनं पंचांना गोळा केलं आणि सटवाचं नाव शिळेवर कोरून घेतलं. आकडा न घालता नुसतं नाव. मग त्याच्या मुलीला बोलावून आणलं. तिनं अक्षरांवर तळवा ठेवला आणि तशीच उभी राहिली.

"काका," ती म्हणाली, "बाबांना वाचता येत नव्हतं. पण नुसता हात फिरवला असता, तरी त्यांना कळलं असतं."

एवढं बोलून ती गेली. हैबती जिवंत होता तोवर गायरान काही परत मिळालं नाही. म्हातारपणी तो मैदानाच्या कडेला बसून भेटेल त्याला त्या सामन्याची गोष्ट सांगायचा, चार पाट्यांसकट, काही न लपवता. एकदा एका पोरानं खरोखरच विचारलं, की सटवा पाटीवर पाय कसे टाकायचा, दाखवा ना.

हैबती उठला. पाटीवर उभा राहिला. त्यानं आठवायचा खूप प्रयत्न केला. पण बारा वर्षं तो सटवाच्या मागच्या पाटीवर उभा होता, आणि तेव्हाही त्याचं लक्ष आपल्या पाळीकडेच असायचं. त्याला फक्त सटवाची पाठ आठवली. थोडा वेळ तसाच उभा राहून तो खाली बसला.

तात्पर्य एवढंच: जो वाट अडवून उभा असतो, त्याचा मान तो उभा आहे तोवरच करावा. तो गेल्यावर नाव कोरता येतं, पण त्याची विद्या परत येत नाही.