भेग पूर्ववत करण्याबाबत

विषय : फाटकापासून पार्किंगपर्यंतच्या सिमेंटच्या वाटेवरील भेग सभासदाने स्वतः बुजवल्याबाबत.
संदर्भ : सोसायटीच्या अध्यक्षांची तोंडी तंबी.

सांगलीतल्या एका सोसायटीत हुपरीकर नावाचे निवृत्त कारकून राहत. वाटेवरच्या भेगेत त्यांच्या पत्नीच्या, मालतीबाईंच्या, वॉकरचा पाय अडके. पडण्याच्या धास्तीने बाईंनी खाली उतरणेच सोडले होते. तज्ज्ञ ठेकेदार नेमण्याची चर्चा सभेत दोन वर्षे चालू होती. अखेर एका सकाळी हुपरीकरांनी घमेल्यात सिमेंट-वाळू कालवली आणि तासाभरात भेग बुजवली.

अध्यक्ष बावडेकर म्हणजे निवृत्त इंजिनिअर. ते भर सभेत कडाडले, "अहो हुपरीकर, हे तज्ज्ञाचं काम आहे! इथे कुणीही उठून थापी चालवायची नाही, हा नियम आहे. आठ दिवसांत ती भेग पूर्ववत करा!"

"करतो की साहेब," हुपरीकर नम्रपणे म्हणाले. "पण भेग पाडणं हेही तज्ज्ञाचंच काम ना? मी हात लावला तर पुन्हा नियमभंग व्हायचा. तेव्हा ठेकेदार आपणच नेमा. आणि मूळ भेगेचा मंजूर नकाशा तेवढा द्या, म्हणजे लांबी-खोलीत फरक पडायला नको."

"वळणंसुद्धा तश्शीच हवीत हं!" मागून चिटणीसकाकूंनी भर घातली. सगळी सभा हसली.

बावडेकरांनी चष्मा काढून पुसला. "लेखी अर्ज करा," ते म्हणाले.

हुपरीकरांनी तो खिशातून काढूनच दिला.

मालतीबाई आता रोज संध्याकाळी त्या वाटेने बागेपर्यंत जाऊन येतात. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.