केशरनं नाव घेतलं

कुणी म्हणजे कुणीच विश्वास ठेवला नाही तिच्यावर. एवढा मोठा राजवाडा, माणसांनी भरलेला, पण एकाला तिचं खरं वाटेल तर शपथ!

ही केशर होती कुंभाराची लेक. राजाचा मुलगा सारंग माठ घ्यायला आला नि तिलाच मागणी घालून बसला. मग लग्न झालं. उंबरठ्यावर सारंगच्या भिवराआत्यानं तिला जवळ ओढलं नि कानात सांगितलं, "सूनबाई, नवऱ्याचं नाव तोंडातून काढू नकोस हो. त्याचं आयुष्य घटतं." केशरनं मुकाट मान डोलावली. जीव होता ना त्याच्यावर!

तिसऱ्या दिवशी दोघं अंगणात बसलेली. तो तिच्या नखांतली माती काडीनं काढत होता. तेवढ्यात माडीवरून चिमूटभर काळे तीळ पडले त्याच्या डोक्यावर. आणि काय सांगू, त्याचा झाला बगळा! उडाला भुर्रकन तळ्याकडे.

केशर धावत आत गेली. "मामंजी, हे बगळा झाले!"

"कोण बगळा झालं?" राजानं विचारलं.

"हे!"

"हे म्हणजे कोण?"

"अहो, आमचे हे!"

सगळे खो खो हसले. "गेला असेल शिकारीला. पोरीचं डोकं फिरलंय."

मग केशर एकटीच तळ्यावर गेली. तिथे शंभर बगळे, सगळे सारखे. तिनं हाक मारली, "अहो!" शंभर माना वळल्या. आता त्यांतला आपला कुठला, सांगा!

दुसऱ्या दिवशी तिनं उखाणा घ्यायला घेतला. "तळ्यात कमळ, कमळात केसर..." पुढे नाव आलं आणि ओठ मिटले. दिवसभर तो एकच शब्द जिभेवर, गुळाच्या खड्यासारखा. गिळवेना नि बोलवेना.

तिसऱ्या दिवशी थवा उठला, बरं का. डोंगरापलीकडे निघाला, पुन्हा न येण्यासाठी. केशरनं पदर खोचला. "आयुष्य घटतं? मग माझ्यातलं घे, देवा!" आणि ओरडली, "सारंगा! अरे सारंगा!"

एक बगळा मागे फिरला. पाण्याला पाय टेकले ते माणसाचेच.

"किती वाट बघायला लावलीस गं," तो म्हणाला. "तीळ टाकताना मंतर ऐकला होता मी. बायको नावानं हाक मारील, तेव्हाच सुटका."

मग दोघं सुखानं नांदली. म्हातारी होईतो ती त्याला नावानंच हाक मारायची, आणि काही घटलं-बिटलं नाही त्याचं. चला, मिटा डोळे.

काय रे? राजानं काय केलं? शरमला मेला. भर दरबारात विचारलं, "सूनबाई, नाव घेऊ नको हे तुला सांगितलं कुणी?"

सुनेनं थोरामोठ्यांचं नाव घ्यायचं नसतं. पण केशरला आता सवय झाली होती. खणखणीत म्हणाली, "भिवरा."