कुंतीचा देवदार

बर्फाच्या डोंगराखाली एक गाव होतं. गावात मूल जन्मलं की त्याच्या नावाने वरच्या उतारावर देवदाराचं रोप लावायची रीत होती. रीत मोठी गोड! पण प्रत्येकाला रोप लावायला तिथल्या देवळाजवळचीच जागा हवी. त्यामुळे तिथे अशी दाटी झाली की ऊन जमिनीपर्यंत पोचेना. झाडं उंच वाढली, पण हडकुळीच राहिली.

एका हिवाळ्यात त्यांतली बरीच झाडं बर्फाच्या भाराने मोडली. वरचा बर्फ घसरला आणि थेट पहिल्या गोठ्याच्या दाराशी येऊन थांबला. गावाची बोबडीच वळली. त्या रानाच्या आडोशालाच तर गाव वसलं होतं!

गावचा मुखिया मंगतराम रानात फिरून आला. कडेला मोकळ्यावर वाढलेले देवदार चांगले जाडजूड होते, त्यांना काहीच झालं नव्हतं. त्याने गाव जमवलं.

"दाटीतली वाकडी, रोगट झाडं काढू. उरलेल्यांना ऊन मिळेल, ती जोम धरतील."

"काढा की!" सगळे म्हणाले. "पण आमच्या पोराचं नको."

जो तो आपापल्या झाडाला मिठी मारून उभा. सगळ्यांत वाकड्या झाडाची मालकीण बसंती तर म्हणाली, "वाकडं कुठे? जरा लाजतंय ते!"

मंगतराम चिडला, पण बोलणार कोणत्या तोंडाने? त्याच्या लाडक्या नातीचं, कुंतीचं झाड दोन उमद्या देवदारांच्या मध्ये खेटून उभं होतं. ते काढलं तरच ते दोघे वाढणार होते. ते वगळलं असतं तरी कोणी चकार शब्द काढला नसता. मुखियाच तो! बरेच दिवस तो त्या वाटेला फिरकलाच नाही.

शेवटी एका सकाळी कुंतीचा हात धरून तो रानात गेला. सगळं गाव बघत होतं. त्याने डोळे पुसले आणि पहिला घाव नातीच्याच झाडावर घातला.

"आजोबा, आता माझं झाड कोणतं?" कुंतीने रडवेली होऊन विचारलं.

"उरलेली सगळी, बाळा."

पोरगी जरा विचारात पडली. मग टाळ्या पिटत झाडाझाडाला हात लावत सुटली. "हे माझं! हेही माझं!" बसंतीला हसू आवरेना. पुढे होऊन आपल्या वाकड्या झाडासाठी तिने स्वतःच कुऱ्हाड मागितली.

तेव्हापासून गाव अधूनमधून रान विरळ करू लागलं. मोकळ्या जागी नवी रोपं आली, जुने देवदार अंगाने भरले. कुंतीच्या लग्नात असा बर्फ कोसळला की म्हाताऱ्यांनीही तसा कधी पाहिला नव्हता. रानाने तो वरच्या वर अडवून धरला. खाली गावात ढोल वाजतच राहिले.

तात्पर्य: सगळ्यांचं भलं व्हावं असं वाटत असेल, तर सोडण्याची सुरुवात स्वतःपासून करावी.