दहा हजार सातांचा गड

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या-माझ्या खापरपणजोबांच्याही आधी, दाट रानात एक गड होता. त्या गडाची एक रीत होती. दर वर्षी शपथेच्या दिवशी राजापासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे सारख्या रांगा करून उभे राहत. एका रांगेत किती जण, ते राजाचा गणक ठरवी. रांगा लावून जो उरे, तो अशुभ. त्याला दरवाजाबाहेर काढत, आणि बाहेर लांडगे होते.

गणक मोठा हुशार. कधी सात-सातच्या रांगा, कधी तेरा-तेराच्या. त्याने आजवर बाकी म्हणून उरू दिली नव्हती. स्वतःला मात्र तो मोजत नसे. मोजणारा ओट्यावर, बाकीचे खाली, अशी चालच होती. खरे सांगायचे तर त्याला ती फार आवडायची.

त्या वर्षी माणसे भरली दहा हजार सात. गणकाने तीनने भागून पाहिले, दोघे उरत होते. सातने भागले, चौघे उरत होते. अकराने, तेराने, सतराने... काही केल्या ही संख्या तुटेना. शास्त्री लोक अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात. मी म्हणतो, एकलकोंडी. कोणाच्याच पंगतीला न बसणारी! गणकाला घाम फुटला. शेवटी त्याने जोड्या लावल्या, म्हणजे निदान एकच जीव जाईल.

उरली ती त्याची आत्या. आईबापाविना पोराला तिनेच लहानाचे मोठे केले होते. गुडघे धरले होते, म्हणून ती सगळ्यांच्या मागून आली होती.

“अरे बाळा,” ती खालून म्हणाली, “तू ये की माझ्या शेजारी. झाली जोडी!”

सारा गड ऐकत होता. गणकाला हिशेब कधीच उमगला होता. त्याला धरून दहा हजार आठ. दोनने भागा, तीनने भागा, नऊने भागा, बाराने भागा, बाकी शून्य. फक्त ओट्यावरून उतरायचे होते. पण उतरला असता तर तो चारचौघांतला झाला असता.

“मोजणाऱ्याला मोजत नसतात, आत्या.”

“बरं,” म्हातारी म्हणाली. “चुलीवर भात ठेवलाय. जेवून घे.”

सकाळी दरवाजाबाहेर तिचे लुगडे तेवढे सापडले.

गड हळहळला. एक म्हातारा पहारेकरी राजापुढे येऊन म्हणाला, “महाराज, गणक गडाबाहेरचा आहे का? मग तो मोजणीत का नाही?”

राजाला ते पटले. “याला धरून पुन्हा मोजा,” त्याने हुकूम सोडला.

गणकाचा जीव भांड्यात पडला. दहा हजार आठ, त्याने मनात म्हटले, बारा-बाराच्या रांगा लावू. तो ओट्यावरून उतरलादेखील. आणि मग त्याला आठवले की आत्या आता त्यात नव्हती.

ती गेली, तो आला. माणसे पुन्हा दहा हजार सात.

जोड्या लागल्या. गणक सगळ्यांत शेवटी उतरला होता. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती, आणि तिथे ‘ये’ म्हणून बोलवायला आता कोणीच नव्हते. पहारेकऱ्याने दरवाजाचा अडसर काढला.

तात्पर्य: मोजताना जो स्वतःला वगळतो, त्याची बाकी आधी निरपराधाच्या माथी बसते आणि मग त्याच्याच.